मालमोटार : बाजारातली आणि रणांगणावरची



पुणे-नगर रस्त्याने ज्यांचे नेहमी जाणे-येणे असते त्यांना लष्करी गाड्यांचा तांडा काही नवा नाही. सारखे अंतर राखून, सारख्या चालीने, एकाच हिरव्या रंगाच्या वीस-पंचवीस गाड्या चाललेल्या असतात. आणि त्यांच्या शेजारून ऊस, कांदा किंवा सिमेंट लादलेला एखादा ट्रक कपाळावर देवाचे नाव आणि पाठीवर रंगीत चित्रे मिरवीत कण्हत-कुंथत चढण चढत असतो. पाहणाऱ्याला वाटते की, दोन्हींची जात एकच. एकीला सरकारने रंग दिला, दुसरीला मालकाने दिला, इतकेच.

हा समज निम्मा खरा आहे. दोन्ही गाड्यांचे कूळ एकच आहे, आणि संकटकाळी एकीला दुसरीचे काम करावेच लागते. पण दोन्हींच्या मागचे हिशेब मात्र अगदी निराळे आहेत. ते हिशेब कसे घडले, कोणी कोठे चुकविले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, ह्याचा वृत्तांत आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. विषय यंत्राचा असला तरी घाबरावयाचे कारण नाही. ज्याने गाडीबैल पाहिले आहेत त्याला ट्रक समजावयास अडचण पडू नये.

आणि खरोखरच हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो बैलांच्या बाबतीत. सैन्य पोटावर चालते, हे वचन आपण सर्वांनी ऐकले आहे. आणि त्याचा अर्थ १७६० च्या अखेरीस पानिपतावर दाणावैरण तुटलेल्या मराठी छावणीला जितका कळला तितका क्वचितच कोणाला कळला असेल. त्या काळी सैन्याला धान्य पुरविण्याच्या दोन रीती होत्या. पहिली रीत लमाणांची, म्हणजे वंजाऱ्यांची. हजारो बैलांचे त्यांचे तांडे एरवी मीठ आणि धान्य घेऊन देशभर व्यापार करीत आणि युद्ध जुंपले की छावणीला धान्य विकीत. हे बाजारातले वाहन होते. दुसरी रीत म्हैसूरची. तेथील राजांनी बैलांचे स्वतःचे कळप राखले. हैदरअलीने आणि टिपूने ते वाढविले, आणि टिपूच्या काळी त्यांना अमृतमहाल हे नाव मिळाले. हा बैल नांगराचा किंवा मोटेचा नव्हे. तो अंगाने सडपातळ, पायाने चपळ, उपासाला खंबीर. तोफ आणि दारूगोळा ओढून झपाट्याने मजल मारावी ह्यासाठीच तो जोपासलेला. आपल्या माणदेशच्या खिलार जातीचे नातेही ह्याच दक्षिणी कुळाशी जोडले जाते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि हे कळप कंपनी सरकारच्या हाती गेले. पुढे चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, आर्थर वेलस्ली म्हैसुराहून पुण्यावर आला, ऑगस्टात त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई जिंकली. त्याच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच बैलांची काळजी दिसते.

तेव्हा बाजारातले वाहन ऐन वेळी भाड्याने घ्यावे, की लष्करासाठी वेगळी जात शांततेच्या काळातही पोसावी? पहिल्या रीतीत खर्च कमी, पण वाहन आपल्या कामाचे असेलच असे नाही. दुसरीत वाहन नेमके मिळते, पण युद्ध नसताना ते बसून खाते. मोटारीचे युग आले तेव्हा युरोपातील सरकारांपुढे हाच पेच नव्या वेषात आला.

आधी व्यापाऱ्याच्या मालमोटारीचा हिशेब पाहू. एक टन माल एक मैल नेण्यास पैसे किती पडले, ह्या एका प्रश्नाभोवती तिची सगळी घडण फिरते. रस्ता ठरलेला, माल ठरलेला. म्हणून गाडीचे स्वतःचे वजन जितके कमी तितके बरे, कारण वाचलेल्या वजनाइतका माल जास्त बसतो. इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना दिली की पुरते. पुढची चाके वळण्यापुरती. सांगाडा लांब, हौदा रुंद, जमिनीपासून उंची बेताची. कारण उंच हौद्यात माल चढविणे म्हणजे हमालांची कमर मोडणे. ही गाडी वर्षानुवर्षे रोज चालावी आणि घेतलेले कर्ज फेडून मालकाला दोन पैसे मिळवून द्यावेत, इतकीच तिच्याकडून अपेक्षा असते. ह्या हिशेबात गैर काहीच नाही. देशाचा संसार त्याच्यावरच चालतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारांनी प्रथम लमाणांची रीत पत्करली. जर्मनीने १९०८ पासून आणि इंग्लंडने १९११-१२ च्या सुमारास अशी योजना काढली की, जो व्यापारी सरकारने सांगितलेल्या नमुन्याचा ट्रक घेईल त्याला सरकार काही रक्कम देईल. आणि युद्ध उद्भवले तर तो ट्रक सरकारजमा होईल. इंग्लंडच्या अटींत एक मोठी समजूतदार गोष्ट होती. कारखाना कोणताही असो, चालकाच्या हातापायाखालची कळ ठरावीक जागी असावी, म्हणजे एका गाडीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला तरी गोंधळू नये. ओढण्यासाठी पुढेमागे आकडे असावेत, अशाही मागण्या होत्या. लष्करी गाडीचे खरे लक्षण कोणते, ह्याची जाणीव तेथे प्रथम दिसते. पण तिच्याकडे पुढे येऊ.

१९१४ च्या ऑगस्टात युद्ध पेटले आणि ह्या गाड्या खरोखरच उचलल्या गेल्या. त्या पुरेनात, तेव्हा लंडन शहरातील उतारू वाहणाऱ्या दुमजली बसगाड्याही फ्रान्सला गेल्या. त्यांची संख्या सुमारे नऊशे भरली. खिडक्यांना फळ्या ठोकून त्या शिपाई वाहू लागल्या, आणि काहींत तर निरोप्या कबुतरांची खुराडी थाटली गेली.

बाजारातल्या गाडीने काय करून दाखविले ह्याचे सर्वांत थोर उदाहरण १९१६ चे, व्हर्दूनचे. जर्मनांच्या तोफखान्यामुळे मोठा लोहमार्ग निकामी झाला होता. उरला तो बार-ल-द्यूकपासून व्हर्दूनपर्यंतचा सुमारे पंचेचाळीस मैलांचा एक साधा रस्ता आणि त्याला जोडून एक अरुंद रुळांची गाडी. फ्रेंचांनी त्या रस्त्यावर तीन हजारांहून अधिक ट्रक सोडले. रहदारीचा कळस झाला त्या दिवसांत सरासरी चौदा सेकंदांना एक गाडी जात असे. आठवड्याला सुमारे ९०,००० माणसे आणि ५०,००० टन दारूगोळा त्या वाटेने गेला. गाड्या भरीव रबरी धावांच्या, वजनदार. रस्त्याची माती होऊ लागली. तेव्हा कडेला उतारवयाचे राखीव शिपाई उभे केले. जवळच्या खाणींतला दगड फोडून ते फावड्याने तो चालत्या गाड्यांच्या चाकांखाली टाकीत, आणि चाकेच रस्ता दाबून काढीत. जी गाडी बंद पडेल ती ढकलून चरात, मागे रांग थांबावयाची नाही. हे सर्व शक्य झाले, कारण रस्ता होता. गाडी बाजारातली, तिला लष्करी केले ते ह्या शिस्तीने.

पण त्याच युद्धात जेथे रस्ता संपत असे तेथे ही गाडीही संपत असे. मागच्या दोन चाकांना शक्ती असलेला ट्रक ओल्या शेतात शिरला की ती चाके गरगर फिरून स्वतःसाठी खड्डा खणतात, आणि पुढची चाके ओझे होऊन बसतात. शेवटचा टप्पा पुन्हा घोड्यांवर आणि खेचरांवर येई. ह्यावर तोड अमेरिकेतील दोन गाड्यांनी दाखविली होती: जेफरी कारखान्याची क्वाड आणि फोर व्हील ड्राइव्ह ह्या नावाच्याच कंपनीची गाडी. दोहोंत इंजिनाची शक्ती चारही चाकांना जाई. १९१६ मध्ये अमेरिकन सेनेने मेक्सिकोच्या स्वारीत त्या वापरल्या आणि मित्रराष्ट्रांनीही पुष्कळ विकत घेतल्या. १९१७ मध्ये अमेरिका स्वतः युद्धात उतरली तेव्हा तिने आणखी एक पाऊल टाकले. निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रज्ञांनी मिळून एकच नमुना आखावा आणि सर्वांनी तोच करावा, असे ठरले. सुमारे दहा आठवड्यांत पहिल्या गाड्या तयार झाल्या. तिला लिबर्टी ट्रक म्हणत. अशा नऊ हजारांहून अधिक गाड्या पंधरा कारखान्यांतून बाहेर पडल्या, आणि एकीचा भाग दुसरीला बसे. लष्करी मालमोटारीची जी दोन लक्षणे पुढे सर्वमान्य झाली, सर्व चाकांना शक्ती आणि सर्व गाड्यांत सारखेपणा, ती दोन्ही अशी पहिल्या महायुद्धातच जन्मली.

आता आपण लष्करी गाडीच्या भोवती एक फेरी मारू; म्हणजे एकेक फरक कशापायी झाला हे कळेल.

तिच्याखाली वाकून पाहिले तर मागच्यासारखाच पुढच्या आसालाही मधोमध एक गोळा दिसतो. गिअरपेटीतून आलेली शक्ती दोन्हीकडे वाटून देण्यासाठी मध्ये आणखी एक पेटी असते; तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यात एक फार मंद गिअर असतो, म्हणजे चिखलात किंवा उभ्या चढावर गाडी माणसाच्या चालीने पण न थांबता निघते. ह्या सगळ्या लोखंडाचे वजन वाढते, इंधन जास्त लागते, झिजणारे भाग वाढतात. व्यापाऱ्याच्या हिशेबात हे शुद्ध नुकसान आहे. शिपायाच्या हिशेबात, जो ट्रक पोचलाच नाही त्याने इंधन किती वाचविले ह्याला अर्थ नाही.

चाके पाहा. आपल्या ट्रकला मागे जोडटायर असतात. रस्त्यावर ओझे पेलण्यास ते उत्तम. पुष्कळ लष्करी गाड्यांना मात्र मागेपुढे सारख्याच मापाचा एकेकच रुंद टायर असतो. पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीतून मागचे चाक बरोबर जाते, नवा चिखल कापावा लागत नाही. दोन टायरांच्या फटीत दगड अडकत नाही. आणि स्टेपनी एकच असली तरी कोठेही चालते. गाडी जमिनीपासून उंच असते, आणि चाकांच्या पुढे व मागे तिचे अंग फारसे लोंबत नाही, म्हणजे ओढ्यात उतरताना नाक आणि वर चढताना शेपटी टेकत नाही. पाण्यातून जावयाचे म्हणून हवा ओढण्याची नळी उंचावर आणि विजेच्या जोडण्या झाकलेल्या. पेट्रोलच्या इंजिनातील ठिणग्यांनी शेजारच्या बिनतारी यंत्रात खरखर होते, म्हणून त्या ठिणग्यांनाही आवरण.

वर ताडपत्री असते, कारण ती काढून टाकली की गाडी ठेंगणी होते. झाडीत लपते आणि जहाजात कमी जागा खाते. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचविण्यासाठी आणि जहाजातील जागेसाठी अमेरिकनांनी तर केबिनचे लोखंडी छतही काढून तेथे कापड लावले आणि हौदा लाकडी केला. दिव्यांवर झाकण. इंग्रजांनी एक साधी युक्ती योजली होती: मागच्या आसावरच्या गोळ्याला पांढरा रंग द्यावयाचा आणि गाडीच्या पोटाखाली त्यावर उजेड पाडणारा एक बारीक दिवा लावावयाचा. वरून विमानाला काही दिसत नाही. मागून येणाऱ्या चालकाला मात्र तो पांढरा ठिपका दिसतो आणि काळोखात रांग तुटत नाही.

आणि शेवटी ओझे. लष्करी गाडीवर अडीच टन लिहिलेले असते ते रस्ता सोडून चालण्याचे. चांगल्या रस्त्यावर तीच गाडी दुप्पट नेऊ शकते. आपल्याकडे ट्रकवर जे वजन लिहिलेले असते त्याचे पुढे काय होते, हे आपण सर्व जाणतोच!

इतके ऐकल्यावर कोणाला वाटेल की, ज्याची गाडी अधिक उत्तम तो जिंकला. इतिहास असे सांगत नाही. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली. जर्मन यंत्रज्ञांच्या कौशल्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण त्यांच्याकडे गाड्या होत्या शंभर घरांच्या. धोका त्यांना कळला नव्हता असे नाही. कर्नल फॉन शेल ह्या अधिकाऱ्याने युद्धापूर्वीच ट्रकांचे प्रकार ११४ वरून १९ वर आणण्याची योजना आखली होती. परंतु ती अंमलात येण्याआधीच युद्ध आले. मग व्यापाऱ्यांकडून ओढलेले, फ्रान्समध्ये जिंकलेले, जे मिळेल ते ट्रक रांगेत उभे केले गेले. स्वारीत सुमारे दोन हजार प्रकारची वाहने होती असे सांगतात. एकट्या मध्य सेनासमूहाला दहा लाखांहून अधिक तऱ्हांचे सुटे भाग साठवावे लागत. एखाद्या पंपाचा वायसर मिळेना म्हणून सबंध गाडी टाकावी लागे. त्यांचा ओपेल ब्लिट्झ हा तीन टनांचा ट्रक नावाजलेला होता. पण त्यांतील बहुसंख्य गाड्यांना शक्ती फक्त मागच्या चाकांत होती, आणि ऑक्टोबरातील रशियन चिखलाने त्यांना गिळले. ज्या सैन्याला जग यांत्रिक सैन्य म्हणून ओळखत होते, त्याने रशियात सहा लाखांहून अधिक घोडे नेले होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

आता दुसरी बाजू. अमेरिकेने अडीच टनांचा, दहा टायरांचा, सर्व आसांना शक्ती असलेला एक ट्रक ठरविला. तो जनरल मोटर्सच्या जी.एम.सी. शाखेने काढला. त्यातील इंजिन आणि पुष्कळसे भाग मूळ बाजारातल्याच गाड्यांवरून घेतलेले होते. त्यात अलौकिक असे काही नव्हते. अलौकिक होती ती संख्या. युद्ध संपेपर्यंत असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक निघाले. तशाच जातीचा स्टुडबेकर ट्रक अमेरिकेने मुख्यतः मित्रराष्ट्रांना दिला आणि स्वतःच्या सेनेत बहुतांशी जी.एम.सी. ठेवला, म्हणजे आपल्या कोठारात भागांची भेसळ नको. रशियाला जे सुमारे चार लाख ट्रक आणि जीपगाड्या मिळाल्या त्यांत हे स्टुडबेकर एक लाखाहून अधिक होते. रशियनांनी त्यांच्या पाठीवर अग्निबाण सोडणारे कात्यूशा यंत्र चढविले, आणि जो ट्रक पीठ वाहण्यास आला होता तो शस्त्र झाला.

१९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये ह्या जी.एम.सी. गाड्यांची परीक्षा झाली. शत्रूला रसद मिळू नये म्हणून मित्रराष्ट्रांच्या विमानांनी फ्रान्सचे लोहमार्ग आधीच उद्ध्वस्त केले होते. आता त्यांच्याच सेना पुढे धावल्या आणि मागे रेल्वे उरली नाही. २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत रेड बॉल एक्स्प्रेस नावाची ट्रकांची माळ रात्रंदिवस चालली. एका रस्त्याने जावयाचे, दुसऱ्याने परतावयाचे, इतर रहदारी बंद. भरात असताना सुमारे सहा हजार गाड्या ह्या कामी होत्या; एकंदर ४ लाख १२ हजार टन सामान पोचले. गाड्यांना ताशी पंचवीस मैलांची मर्यादा होती आणि ती पाळली जावी म्हणून इंजिनाला वेग-नियंत्रक बसविलेला होता. चालकांनी तो खुशाल काढून टाकला. दिवसाला सुमारे तीन लाख गॅलन पेट्रोल ही माळच पिऊन टाकी. टायर फाटले, गाड्या झिजल्या. कोणताही व्यापारी ह्या धंद्यात आठवडाभरात दिवाळे काढता.

आणि हे चालक कोण होते? तीन चतुर्थांशांच्या आसपास काळे अमेरिकन. त्या वेळी अमेरिकन सेनेत वर्णभेद होता. काळ्यांच्या पलटणी निराळ्या, आणि लढाऊ कामापेक्षा ओझ्याचे काम त्यांच्या वाट्याला अधिक. ज्या कामाला कमी मानाचे समजून ते त्यांच्याकडे सोपविले गेले, त्याच्यावाचून पुढच्या रणगाड्यांची चाके थांबली असती. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे येतात; ट्रकचालकांची येत नाहीत. म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पण आता उलट उदाहरण दिले नाही तर वृत्तांत एकांगी होईल. १९४१ च्या हिवाळ्यात लेनिनग्राड शहराला जर्मनांनी वेढले होते आणि माणसे उपासाने मरत होती. उरलेली वाट एकच, लादोगा सरोवर, आणि तेही गोठलेले. २२ नोव्हेंबरला बर्फावरून पिठाचे पहिले ट्रक निघाले. ते दीड टनांचे गाझ ट्रक म्हणजे फोर्डच्या एका साध्या बाजारी नमुन्याची रशियन आवृत्ती होती. तेच शेतांवर आणि बांधकामांवर राबत. पातळ बर्फावर त्यांचा दुबळेपणाच गुण ठरला. जड गाडी बुडाली असती, ती हलकी तरली. बर्फ फुटले तर उडी टाकता यावी म्हणून चालक दारे उघडी ठेवीत, उणे तीस अंशांच्या थंडीतही. तरी पुष्कळ गाड्या माणसांसकट तळाशी गेल्या. पण त्या हिवाळ्यात त्या वाटेने पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर निघाली. शेतीच्या कामासाठी केलेल्या गाडीने शहर जगविले. तात्पर्य, लष्करी गाडी श्रेष्ठ आणि बाजारी गाडी कनिष्ठ अशी उतरंड लावता येत नाही. कोणत्या वाटेवर कोणते ओझे, हे आधी विचारले पाहिजे.

आपल्या देशाचा ह्या इतिहासाशी संबंध दोन्ही महायुद्धांत आला. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा गाड्या जुळविण्याचा कारखाना १९२८ पासून होता, आणि दुसऱ्या महायुद्धात मुंबईत लष्करासाठी गाड्यांची जुळणी चाले. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोले ह्या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी एकाच आखणीचे आखूड नाकाचे ट्रक चार लाखांहून अधिक काढले. ते आपल्याकडेही भरपूर आले. आसामातील लेडोहून ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून चीनला जाणारा रस्ता बांधला गेला. १२ जानेवारी १९४५ ला निघालेला ११३ गाड्यांचा पहिला तांडा सुमारे अकराशे मैल चालून ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला.

युद्ध संपले आणि ह्या गाड्या लिलावात निघाल्या. त्या घेऊन पुष्कळांनी आपल्याकडे वाहतुकीचा धंदा सुरू केला. पण दोन हिशेबांतले अंतर तेथे लगेच दिसले. लष्करी गाडी पेट्रोल भरमसाट पिई आणि माल मात्र कमी नेई. डिझेलची साधी गाडी मिळू लागताच ती मागे पडली. गरजेपुढे मात्र इलाज नसतो. ब्रह्मदेशात त्याच आखूड नाकाच्या शेव्हरोले गाड्या बसगाड्या होऊन अर्धे शतक रंगूनच्या रस्त्यांवर धावल्या, आणि फिलिपाइन्समध्ये अमेरिकन जीपची रंगीत जीपनी झाली.

स्वतंत्र भारताच्या सेनेपुढे ह्या जुन्या गाड्या राहिल्या, आणि त्या एकेक करून थकत होत्या. १९५४ पासून टाटांनी डायमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक काढण्यास आरंभ केला होता. मग सेनेने तेच घ्यावेत, की आपली वेगळी गाडी करावी? लमाण की अमृतमहाल, हाच प्रश्न! कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना सरकारने दुसरी वाट धरली. जर्मनीच्या मान कंपनीकडून परवाना घेऊन १९५९ मध्ये जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यातून शक्तिमान ट्रक बाहेर पडला. त्याच्या चारही चाकांना शक्ती होती. शस्त्रांच्या कारखान्याने ट्रक का करावेत, ह्यावर त्या वेळी बराच वाद झाला. पुढे तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, हिमालयात जे घडले त्याने एवढे तरी सर्वांना पटले की, पर्वतातल्या सैन्याला रस्ता आणि गाडी ह्या दोन गोष्टी आयत्या वेळी उभ्या करता येत नाहीत. सीमा सडक संघटना १९६० मध्ये स्थापन झाली होती. तिचे मोठे काम त्यानंतरच्या वर्षांत उभे राहिले. शक्तिमान मात्र नव्वदीच्या दशकापर्यंत निघत राहिला. १९६५ आणि १९७१ ची युद्धे त्याने पाहिली. त्याची जागा पुढे अशोक लेलँडच्या स्टॅलियनने आणि टाटांच्या गाड्यांनी घेतली, म्हणजे बाजारातल्या कारखानदारांच्याच आखणीला लष्करी वळण देऊन केलेल्या गाड्यांनी. वाद सुटला तो असा: गाडी वेगळी हवी, पण तिचे कूळ मात्र देशात हजारोंनी चालणाऱ्या गाड्यांचे हवे.

आज बहुतेक सेना दोन्ही रीती पाळतात. मागच्या पक्क्या रस्त्यांवर रंग बदललेली साधी गाडी. पुढच्या टप्प्यावर खास गाडी. ह्या दुसऱ्या वर्गातील कित्येक वाहनांची पारख महाराष्ट्रातच होते. ज्या अहमदनगरपर्यंत वेलस्लीचे बैल आले, त्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची वाहनसंशोधन संस्था आहे. उतार, खड्डे आणि पाणी ह्यांतून गाड्या चालवून तेथे त्यांची परीक्षा घेतात. पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेने घडविलेला पिनाक अग्निबाणांचा संच बसतो तोही आठ चाकांच्या एका ट्रकवरच.

श्रोतेहो, ह्या वृत्तांतातून नागरिकांनी घ्यावयाचे ते काय? लष्करी गाडी हा करदात्याचा उधळा खर्च आहे, असे शांततेच्या काळी वाटणे स्वाभाविक आहे. आणि व्यापाऱ्याच्या वहीत तो उधळाच ठरेल. पण ती वही तिला लावता येत नाही. त्याचबरोबर केवळ खास गाड्या केल्या म्हणजे सेना सज्ज झाली, हेही खरे नव्हे. अमेरिकेने साडेपाच लाख ट्रक काढले ते तिच्याकडे आधीच गाड्या घडविणारे कारखाने, चालविणारे हात आणि दुरुस्त करणारी डोकी गावोगाव होती म्हणून. जर्मनीकडे उत्तम यंत्रज्ञ होते, पण एका गाडीचा भाग दुसरीला बसत नव्हता. देशाचा साधा चालक, त्याचा क्लीनर, रस्त्याच्या कडेला छपराखाली पाटे बदलणारा आणि पंक्चर काढणारा मिस्त्री हे सर्व मिळून देशाचा राखीव साठा होतो. त्याची मोजदाद कोणत्याही लष्करी कागदात नसते. पण १९१४ मध्ये लंडनच्या बसचालकांची आणि १९४१ मध्ये लादोगावरील चालकांची मोजदाद तरी कोणी आधी केली होती?

तेव्हा पुढच्या वेळी नगर रस्त्यावर हिरवा तांडा आणि उसाचा ट्रक शेजारी दिसले तर रंगाकडे न पाहता खाली वाकून पुढचा आस पाहावा. तेथे गोळा दिसला तर समजावे की, ही गाडी रस्ता संपल्यावरही जावी म्हणून आपण सर्वांनी पैसे मोजलेले आहेत. आणि शेजारच्या उसाच्या ट्रकलाही वाट द्यावी. हिरव्या गाडीचे लोखंड, तिचा चालक आणि तिचा मिस्त्री हे त्याच्याच घरातून आलेले आहेत.